डोलकाठीत अडकलेलं शीड

शटर जड झालंय असं सांगायला येणारा माणूस नेहमी चिडलेला असतो. सकाळी दुकान उघडताना त्याच्या कमरेत चमक भरलेली असते, दारात गिऱ्हाईक ताटकळत असतं, आणि शटर बसवणाऱ्यानं आपल्याला फसवलं याची त्याला खात्री पटलेली असते. "मिस्त्री, स्प्रिंग गेली," एवढंच तो सांगतो. मी हे वाक्य पंचवीसहून जास्त वर्षं ऐकलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा स्प्रिंगला काहीही झालेलं नसायचं.

मी मूळचा केदारखेड्याचा, आडनाव साळवे. जालना जिल्हा झाला त्या साली काम शोधत शहरात आलो. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नवी दुकानं. जुन्या दुकानांची फळ्यांची दारंही निघत होती आणि तिथं लोखंडी शटर लागत होतं. रहीमचाचांच्या वर्कशॉपात माणसं कमी पडत होती. वेल्डिंग येतं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. येत नव्हतं. दुपारपर्यंत त्यांना ते कळलं, पण त्यांनी मला हाकललं नाही. पुढं पंधरा वर्षं मी त्यांच्याकडंच होतो आणि त्यांच्यानंतर स्वतःचं काम सुरू केलं.

बाहेरच्या माणसाला शटर म्हणजे एक मोठा पत्रा वाटतो. तो पत्रा नसतो. चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. दाराच्या माथ्यावर एक आडवा पाइप असतो, त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. शटर त्याच्याभोवती चटईसारखं गुंडाळलं जातं. शाफ्टवर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की त्या आवळतात आणि वर ढकलताना तोच जोर परत देतात. म्हणून दोन माणसांना न उचलवणारं ओझं एका हातानं वर जातं. दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी खाचा असतात, पट्ट्यांची टोकं त्यांतून सरकतात. एवढंच यंत्र.

रहीमचाचांनी मला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवली. "ताकद मत लगा. पैले देख, अटक्या किधर." शटर जड आहे हे कुणीही सांगेल. ते कुठं जड आहे हे बघायचं. त्यांच्या खिशात कायम खडू असायचा. शटर हळूहळू वर न्यायचं आणि हाताला अडलं तिथं भिंतीवर खूण करायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं जड असेल तर शाफ्टचं बेअरिंग सुकलेलं. एकाच उंचीवर अडकत असेल तर खाच वाकलेली, बहुतेक वेळा हातगाडीचा धक्का लागून. आणि सुरुवातीला हलकं पण वर जाता जाता जड होत असेल तर गुंडाळी सैल पडलेली. सैल गुंडाळी फुगते आणि तिच्यावरच्या पत्र्याच्या खोक्याला घासते. बहुतेक शटरांचा आजार या तिन्हींत सापडतो.

हे मला लगेच पटलं असं नाही. दुसऱ्याच वर्षी भोकरदनला एक अडकलेलं शटर मी पहारीनं उचकटायला गेलो. पहार सुटली आणि माझी डावी भुवई फाटली. चाचा दवाखान्यात आले, टाके बघितले आणि म्हणाले, "मशीन से कुश्ती नै खेलते, बेटा." एवढं बोलून ते माझं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला निघून गेले.

कधीकधी बिघाड यंत्रात नसतोच. अंबडला दोन भावांचं किराणा दुकान होतं. त्यांचं रुंद शटर दर दोन महिन्यांनी एका बाजूला सरकायचं आणि अडकायचं. मी पट्ट्या सरळ करून द्यायचो, पुन्हा बोलावणं यायचं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम दुकान उघडायच्या वेळेला जाऊन समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. दोघं भाऊ आले. एकमेकांकडं बघितलं नाही. थोरल्यानं आपल्या बाजूचं कुलूप काढून आपल्या बाजूची मूठ धरली, धाकट्यानं त्याच्या बाजूची. थोरला पैलवान गडी, धाकटा काटकुळा. शटर वाकडं होऊन वर गेलं.

मी थोरल्याला म्हणालो, "दादा, एकानंच उघडत जा."

"त्याला सांगा."

धाकट्याला सांगायला गेलो तर तोही म्हणाला, "त्याला सांगा."

दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. मी दोन्ही मुठी कापून काढल्या आणि बराबर मधोमध एकच मूठ बसवली. शटर लोण्यासारखं चालायला लागलं. मला वाटलं, आता यांना एकमेकांशी बोलावंच लागेल. वर्षभरानं दोघांचा वेगवेगळा निरोप आला. दुकानात मधे भिंत घातली होती, प्रत्येकाला आपापलं शटर पाहिजे होतं. मी दोन बसवून दिली. दोन्ही अजून उत्तम चालतात.

आता शिडाची गोष्ट सांगतो. घरातले सोडले तर ती कुणाला खरी वाटत नाही.

जालन्यात बियाण्यांचा धंदा मोठा. त्या धंद्यातले एक अशोकशेठ. त्यांच्या सगळ्या गोदामांची शटरं माझ्याकडं होती. माणूस हौशी. धंद्याच्या निमित्तानं परदेशात गेले असताना त्यांना शिडाच्या होडीत कुणीतरी फिरवलं आणि ते खूळ डोक्यात बसलं. मुंबईत एक गोरा साहेब आपली होडी विकून मायदेशी निघाला होता, ती यांनी घेतली. मुलगी रेवती मुंबईलाच शिकायला होती. महिन्यातून एकदा बापलेक समुद्रावर जायचे. जालन्यात लोक हसायचे. आमच्याकडं पाण्याचा टँकर आला तरी बातमी होते.

दिवाळीनंतर एक दिवस शेठ वर्कशॉपात आले.

"मिस्त्री, मुंबईला यायचं. होडीचं शीड जाम होऊन राह्यलंय."

मी म्हणालो, "शेठ, मी समुद्र बघितलेला न्हाई. होडी तर लांबची गोष्ट."

"अहो, आपल्या गोडाऊनसारखंच आहे ते. फक्त उभं आहे."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. होडीची उभी डोलकाठी आतून पोकळ. त्या पोकळीत एक उभी दांडी. शीड त्या दांडीभोवती गुंडाळलेलं असतं. एक दोरी ओढली की दांडी फिरते आणि शीड डोलकाठीच्या आत जातं. दुसरी दोरी शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेली. ती ओढली की डोलकाठीच्या मागच्या अंगाला असलेल्या उभ्या फटीतून शीड बाहेर येतं. मुंबईतल्या एका कारागिरानं आतली दांडीच बदलावी लागेल, असं सांगितलं होतं. ती बाहेरच्या देशातून येणार, तोवर मोसम संपणार. मी चित्राकडं बघत राहिलो. खरंच ते उभं केलेलं शटर होतं. स्प्रिंग तेवढी नव्हती.

मी हत्यारांची पिशवी घेतली, ग्रीसचा डबा घेतला आणि त्यांच्या गाडीत बसलो.

समुद्राबद्दल मी लिहीत नाही, ते ज्यांना जमतं त्यांनी लिहावं. छोट्या नावेतून मोठ्या होडीवर चढताना मी मिळेल ती दोरी धरली एवढं खरं. होडीवर हरेश्वर होता, अलिबागकडचा खलाशी, माझ्याच वयाचा. होडीची सगळी देखभाल तो करायचा. शेठनी शटरवाला आणलाय हे त्याला आधीच कळलं होतं. त्यानं मला हात देऊन वर घेतलं आणि माझ्या पिशवीकडं बघितलं.

त्या दोघांनी मला नेहमीची पद्धत दाखवली. दोरी एका लोखंडी ढोलकीला गुंडाळायची आणि दांडा लावून ती ढोलकी फिरवायची. ते विंच. त्यानं माणसाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. शीड चार-पाच हात बाहेर आलं आणि थांबलं. शेठनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

"अजून जोर लावू?"

"शेठ, हात काढा!" मी इतक्या जोरात ओरडलो की हरेश्वर दचकला. शेठवर मी आधी कधी आवाज चढवला नव्हता. पण भोकरदनच्या त्या पहारीसारखंच होतं ते. त्या विंचमुळं जोर वाढतो, पण पलीकडं काय अडकलंय ते हाताला कळत नाही. कापड फाटेपर्यंत माणूस फिरवत राहतो.

विंच बाजूला ठेवून आम्ही दोरी नुसती हातानं ओढून बघितली. खडू तिथं उपयोगाचा नव्हता. माझ्याकडं तांबडी चिकटपट्टी होती. दोरी जिथं अडली तिथं मी ती गुंडाळत गेलो. दोन हात शीड आत, तीन हात बाहेर, पुन्हा एक हात आत, असं करत तासाभरात ते सगळं बाहेर काढलं. मग पट्ट्या मोजल्या. सगळ्या पट्ट्या दोरीच्या सुरुवातीला गर्दी करून होत्या. म्हणजे शीड गुंडाळलेलं असताना जड, अर्धं बाहेर आलं की हलकं.

"मंग दांडी खराब न्हाई," मी म्हणालो. "दांडी वाकली असती तर शेवटपर्यंत जड लागलं असतं. गुंडाळी फुगून राह्यली आहे."

तरी खात्रीसाठी शीड खाली उतरवून घेतलं आणि रिकामी दांडी फिरवून बघितली. दोन बोटांनी फिरली. थोडी खरखर होती, म्हणून मी ग्रीसचा डबा उघडला. हरेश्वरनं माझं मनगट धरलं.

"नाय मिस्त्री. इथं ग्रीस नाय चालत. मीठ आणि धूळ धरून बसतं. महिन्याभरात दगड होतो त्याचा."

"मग काय लावता?"

"गोडं पाणी."

त्यानं पिण्याच्या पाण्याचा डबा आणून दांडीच्या खालच्या बेअरिंगवर ओतला. खालून पांढरं पाणी निघालं, तांदूळ धुतल्यासारखं. शिडाचा वरचा शेंडा ज्या फिरत्या कडीला अडकवतात ती कडी शिडाबरोबर खाली आली होती, तीही त्यानं धुतली. खरखर गेली. मी डबा बंद करून पिशवीत टाकला. आमच्याकडं पाणी लागलं की लोखंड गंजतं, आणि हा माणूस पाण्यानं यंत्र दुरुस्त करून राह्यला होता.

पण गुंडाळी का फुगते, हा प्रश्न तसाच होता. शीड पुन्हा वर चढवताना हरेश्वरनं वरची दोरी इतकी आवळली की शिडाची कड टणक झाली. मी विचारलं, एवढं ताणता कशाला. तो म्हणाला, सगळ्या होड्यांवर असंच ताणतात. मी म्हणालो, त्या शिडांना गुंडाळायचं नसतं. शाफ्टला शटर फार ओढून बसवलं की बेअरिंगवर भार येतो. त्यानं थोडा विचार केला आणि दोरी बोटभर सैल सोडली.

मग गुंडाळताना मी डोलकाठीच्या फटीला डोळा लावून, टॉर्च धरून बघत राहिलो. शिडाच्या खाली एक आडवी काठी असते, शिडाचा खालचा कोपरा तिच्या टोकाकडं ओढतात. ती काठी जरा खाली झुकलेली होती. त्यामुळं शिडाची मागची कड घट्ट आणि खालची सैल पडत होती. आत कापडाच्या घड्या पडत होत्या, ओल्या गोधडीसारख्या. हरेश्वरनं काठी वीतभर वर घेतली. मी म्हणालो, गुंडाळताना बाहेरची दोरी एकदम सोडू नका, थोडी ओढून धरा, म्हणजे गुंडाळी घट्ट बसेल. तो म्हणाला, आणि होडीचं तोंड वाऱ्याकडं पण थोडं एका अंगाला ठेवू, म्हणजे कापड फटीच्या कडेला घासणार नाही. ही गोष्ट मला जन्मात सुचली नसती. वारा शटरला लागत नाही.

रेवती कॉलेज आटोपून दुपारी आली. हरेश्वर म्हणाला, "ताई, ओढा."

तिनं विंचचा दांडा उचलला. "तो न्हाई," मी म्हणालो. "नुसत्या हातानं ओढा."

तिनं ओढलं. शीड सरसरत आत गेलं. पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा आत. शेठ टाळ्या वाजवायला लागले. आमच्यासाठी त्यांनी वडापाव मागवले होते, ते खात आम्ही चौघं डेकवर बसलो. हरेश्वरनं सगळ्यात आधी मला वाढलं.

खाताना मी शिडाचं एक टोक बोटांत धरून चोळत होतो. कापड दमलेलं होतं. नवीन कापडाला जी खळ असते ती नव्हती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखं झालं होतं. मधोमध पोट सुटलेलं. लोखंडाची पट्टी ताणत नाही, कापड ताणतं. ताणलेलं कापड कितीही नीट गुंडाळलं तरी कुठंतरी घडी पाडणारच. मी हरेश्वरकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "म्हातारं झालंय."

परत निघताना गाडीत मी शेठना सांगितलं, "शेठ, शीड नवीन करून घ्या. हे जास्त दिवसाचं न्हाई."

"आता चालतंय ना?"

"चालतंय."

"मंग बघू पुढच्या मोसमात."

मी पुढं बोललो नाही. शेठ खुश होते, मी खुश होतो. जालन्यात पोचल्यावर त्यांनी चार लोकांत सांगितलं की मुंबईच्या कारागिराला जे जमलं नाही ते आपल्या मिस्त्रीनं केलं. मी महिनाभर त्या कौतुकावर चालत होतो.

मार्चमध्ये हरेश्वरचा फोन आला. आधी इकडचंतिकडचं बोलला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शीड अडकलं परत."

उन्हाळ्यात मुंबईच्या समुद्रावर दुपारनंतर वारा चढतो. त्या दिवशी तो लवकर चढला. शेठ सुकाणूवर होते, रेवती दोरीवर. होडी एका अंगावर कलायला लागली तसं शीड आत घ्यायचं ठरलं. निम्म्याहून जास्त आत गेलं आणि थांबलं. ना आत, ना बाहेर. राहिलेलं शीड वाऱ्यानं फडफडायला लागलं. होडी खडकांच्या बाजूला सरकत होती. रेवतीनं नुसत्या हातानं ओढून बघितलं, मग विंच लावला, मग दोरी सैल करून पुन्हा ओढायला म्हणून ती पुढं सरकली. फडफडणाऱ्या शिडाच्या कोपऱ्यावर लोखंडी कडी असते. ती कडी तिच्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हरेश्वरनं तिला खाली बसवलं, सुरीनं शिडाच्या कोपऱ्याची दोरी कापली, इंजिन चालू केलं आणि होडी कशीबशी वळवली. त्याआधी ती दोरी धरून ठेवताना त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती.

"ती कडी वीतभर वर लागली असती तर..." तो म्हणाला.

मी विचारलं, "हरेश्वर, चूक माझी का?"

"तुम्ही शेठना सांगितलं होतं की. शेठच बोलले मला."

पण मला झोप लागेना. मी ते शीड चालू करून दिलं नसतं, तर शेठनी नवीन आणलं असतं किंवा होडी बंद ठेवली असती. बंद पडलेल्या वस्तूनं कुणाला लागत नाही. मी ती चालती केली होती.

रेवतीला जालन्याला घरी आणलं होतं. मी भेटायला गेलो. खांद्याला पट्टा बांधून ती पलंगावर बसलेली. शेठ शेजारीच होते, त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मी जे म्हणायला आलो होतो ते म्हणालो. "बेटा, त्या शिडाचं कापड संपलेलं होतं. मी तेव्हाच बोललो होतो, पण अजून जोर देऊन बोलायला पाहिजे होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वडिलांकडं. "बाबा, तुम्ही मला सांगितलंच न्हाई."

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. ती मला म्हणाली, "काका, मला माहीत असतं तर मी वारा बघितल्याबरोबर शीड आत घेतलं असतं. अर्धा तास आधी."

तिचा आवाज रागाचा नव्हता. नुसतं सांगत होती. मला ते रागाहून जास्त लागलं. शीड संपलंय हे मी मालकाला सांगितलं होतं. दोरी जिच्या हातात होती ती डेकवर माझ्यासमोर वडापाव खात बसली होती, आणि तिला मी शब्दानं बोललो नव्हतो. गाडीत बसेपर्यंत थांबलो, कारण बातमी मालकालाच द्यायची असते, असं मी धरून चाललो होतो.

हाड जुळलं. शेठनी होडी पुढच्या मोसमात विकली, हरेश्वरला दुसरीकडं काम मिळालं. रेवती पुन्हा समुद्रावर जायला लागली, आता दुसऱ्यांच्या होडीतून, असं ऐकतो. गोदामांची शटरं शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिली, पण शेठ पूर्वीसारखे वर्कशॉपात येऊन बसले नाहीत. माणूस पाठवायचे.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी कुंभार पिंपळगावला एका कापडाच्या दुकानाचं काम आलं. शटर जड. खूण करत वर नेलं, बेअरिंग सुकलेलं निघालं. ते सोपं होतं. पण खोका उघडला तेव्हा शाफ्टच्या एका टोकाला, जोडाजवळ, केसासारखी चीर दिसली. असा शाफ्ट दहा वर्षंही टिकतो, किंवा एखाद्या सकाळी सगळं शटर घेऊन खाली येतो. कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

मालकाला दाखवलं. तो म्हणाला, "मिस्त्री, बेअरिंगला तेल सोडा आणि चालू करून द्या. शाफ्टचं दिवाळीनंतर बघू. आता सीझन तोंडावर आलाय."

"चालू करून देणार न्हाई."

"अहो, माझं दुकान, माझी जोखीम!"

मी विचारलं, "सकाळी शटर कोण उचलतं?"

त्याला प्रश्न कळला नाही. मग त्यानं आतल्या बाजूला हात केला. तिथं एक बाई फरशी पुसत होत्या. सुशीलाबाई. रोज सकाळी साडेआठला येऊन कुलूप काढायचं, शटर उचलायचं, झाडलोट करायची. मालक साडेनऊला यायचा.

मी हाक मारली. "ताई, जरा इकडं या."

"तिला कशाला?" मालक म्हणाला.

त्या हात पुसत आल्या. मी त्यांना स्टुलावर चढवलं, टॉर्च हातात दिला आणि ती चीर दाखवली. "हे शटर याच्यावर टांगलेलं आहे. हे तुटलं तर खाली जो उभा असेल त्याच्या डोक्यात येईल. लगेच तुटेल असं न्हाई. तुटणारच न्हाई असंबी न्हाई."

त्यांनी बराच वेळ बघितलं. बोटानं चीर चाचपली. स्टुलावरून उतरल्या, टॉर्च मला परत दिला आणि पुन्हा फरशी पुसायला गेल्या. मालक मला म्हणाला, तुम्ही माझ्या माणसांना भडकवून राह्यले, तुमच्याकडून काम करून घेणार न्हाई, दुसरा मिस्त्री आणतो. मी खोका बंद केला, हत्यारं भरली आणि एसटीनं जालन्याला आलो. बायको म्हणाली, एवढ्या लांब जाऊन काम न करता आलात? मी म्हणालो, काम केलं.

चौथ्या दिवशी मालकाचा फोन आला. आवाज खाली होता.

"मिस्त्री, नवीन शाफ्ट घेऊन या."

"काय झालं? तुटलं का?"

"तुटलं न्हाई," तो म्हणाला. "बाई उचलत न्हाई."